अनुभव धागा: हेडसेट डोळ्यांवर चढवल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

गेल्या रविवारी आमच्याकडे मेटा क्वेस्ट ३ आला, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट. मेहुण्याने अमेरिकेहून येताना आणला. घ्यावा की नाही, यासाठी वर्षभर जे वाचलं त्यात आकडेच फार होते. डोक्यावर चढवल्यावर माणसाला काय होतं, हे थोड्यांनीच लिहिलेलं. म्हणून हा धागा काढतोय. तुमचा हेडसेट कोणताही असो, पहिल्या दिवसाचं लिहा. आवडलं ते लिहा, त्रास झाला तोही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. मला वाटलं होतं आधी अंधार होईल, मग दुसरं जग दिसेल. झालं उलटंच. बाहेरच्या कॅमेऱ्यांतून आमचाच हॉल रंगीत दिसला. जरा दाणेदार, पण टेबलावरचा चहाचा कप उचलून पिता आला. मग मान फिरवून हेडसेटला खोली दाखवायची असते. भिंतींवर, सोफ्यावर जाळी पसरत जाते. त्यानंतर ‘फर्स्ट एन्काउंटर्स’ हा छोटा खेळ लावला. छतातून यान उतरलं आणि कालनिर्णय टांगलेली आमची भिंत मी नेम धरून मारलेल्या गोळ्यांनी फुटायला लागली. तुकडे पडले, पलीकडे परका ग्रह. त्या भिंतीमागे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे हे मला वीस वर्षं ठाऊक आहे, तरी मी भोकातून वाकून पाहिलं. भिंत खरी, आपल्या रोजच्या ओळखीची, म्हणून तो ग्रहही खरा वाटला. नुसतं काल्पनिक जग दाखवलं असतं तर माझा एवढा विश्वास बसला नसता.

वजन ५१५ ग्रॅम, आणि ते सगळं पुढे. अर्ध्या तासाने गालांवर जाणवलं. चष्मा लावूनच बसलो होतो. डोळे आणि भिंगं यांच्यातलं अंतर वाढवायची सोय आहे, ती आधी वापरा, नाहीतर काचेवर काच घासेल.

•

डब्लिनहून लिहितेय. माझा हा दुसरा हेडसेट, तोही क्वेस्ट ३. पहिल्यात फ्रेनेल भिंगं होती, म्हणजे काचेवर बारीक वर्तुळाकार खाचा. काळ्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती उजेड फाकायचा, आणि स्वच्छ दिसायचं ते मधोमधच. कडेचं वाचायचं तर सगळी मान वळवायची. आताची भिंगं पॅनकेक. त्यांच्यात प्रकाश आतल्या आत मागेपुढे परतवतात, त्यामुळे हेडसेट बारीक झाला आणि कडेचंही नुसत्या नजरेने वाचता येतं. पहिल्या दिवशी मी कितीतरी वेळ खेळ सुरूच केला नाही, मेन्यूच्या कोपऱ्यांतली अक्षरं वाचत बसले.

सगळ्यांना एक आग्रहाने सांगते. चष्म्याच्या दुकानात जाऊन पीडी मोजून घ्या, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. माझं ६१ मिलिमीटर. जुन्यात भिंगांच्या ठरलेल्या तीनच जागा होत्या, ५८, ६३ आणि ६८. दोन वर्षं कपाळ दुखायचं, आणि मी समजत होते की माझे डोळेच कमकुवत. आता चाक फिरवून ६१ वर ठेवलंय. दुखणं गेलं.

•

नाशिक. प्लेस्टेशन व्हीआर २ हेडसेट, पीएस ५ या खेळाच्या यंत्राला एका केबलने जोडलेला. ओएलईडी पडदा (प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो किंवा विझतो) असल्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो. रात्रीच्या शर्यतीत मागच्या गाडीचे दिवे आरशात आले तेव्हा मी खांदा आवरून घेतला. पहिली फेरी संपेपर्यंत स्वर्ग होता. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या वळणावर तळहाताला घाम फुटला, मळमळून तोंडात पाणी यायला लागलं. हट्टाने फेरी पूर्ण केली आणि संध्याकाळभर आडवा पडलो. जेवण गेलं नाही.

यात यंत्राचा दोष नाही. डोळे सांगतात गाडी वळली, कानाच्या आतली तोल सांभाळणारी इंद्रियं सांगतात आपण खुर्चीत बसलोय. लहानपणी कसारा घाटात एसटीत पुस्तक उघडलं की व्हायचं, तेच हे, फक्त उलट बाजूने. तेव्हा आई पुस्तक मिटायला लावून आलेपाकाची वडी द्यायची. इथेही तेच करा. पहिला घाम आला की लगेच काढा, ‘एवढी फेरी होऊ दे’ म्हणू नका. मी दुसऱ्या दिवसापासून पाच-पाच मिनिटं केली. साधारण दहा दिवसांनी सलग चाळीस मिनिटं बसू शकलो. चालण्याचे खेळ असतील तर आधी ‘टेलिपोर्ट’ निवडा, म्हणजे चालत न जाता एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी.

•

बीट सेबर (गाण्याच्या तालावर हात फिरवून ठोकळे कापायचा खेळ) खेळताना छताच्या पंख्याला हात लागला. नशिबाने वेग एकवर होता, बोटं सुजली एवढंच. खेळायच्या जागेची सीमारेषा हेडसेटमध्ये जमिनीवर आखली होती, वर बघितलंच नाही. आता छताचा पंखा बंद, समोर टीव्हीजवळ टेबल फॅन. घाम कमी येतो, आणि वारा तोंडावर लागतो तोवर कळतं की आपण टीव्हीकडेच तोंड करून उभे आहोत. मळमळही कमी झाली.

•

आजीला (वय ७६, मु. पो. सांगली) मिनी गोल्फ खेळायला लावलं. खुर्चीत बसवून, मी शेजारी. तिने आधी खाली पाहिलं आणि घाबरून म्हणाली, “अगं, माझे पाय कुठायत?” खरंच, त्यात स्वतःचे पाय दिसत नाहीत, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा शांत झाली. मग समोरच्या कठड्याला टेकायला निघाली. कठडा तिथे नव्हताच; मी दंड धरला म्हणून बरं. वडीलधाऱ्यांना देणार असाल तर हात सोडू नका, हे कळकळीने सांगते.

चौथ्या प्रयत्नात चेंडू आत गेला. गेली सहा वर्षं गुडघ्यांमुळे ती अंगणापलीकडे गेलेली नाही. चेंडू राहिला बाजूला, पाण्याच्या काठाने कितीतरी वेळ ती नुसती बघत होती. मला म्हणाली, “गप गं, वारं सुटलंय बघ.”

•

माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी, म्हणजे मेंदू त्याचं फारसं ऐकत नाही. थ्रीडी चष्म्यांनी मला कधीच काही दिसलं नाही, म्हणून हेडसेट विकत घेण्याचं धाडस नव्हतं. मित्राकडे लावून पाहिला. मान हलवली की जवळचे खांब भराभर सरकतात, लांबचे सावकाश, आणि तेवढ्यावर काय जवळ, काय लांब हे मला कळतं. खऱ्या जगातही मी असंच ओळखतो. माझ्यासारखे कुणी वाचत असतील तर ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, एकदा लावून बघा.

•

धागाकर्ता: टेबल फॅन माळ्यावरून काढून पुसला, टीव्हीखाली ठेवलाय. पीडी मोजायला संध्याकाळी जातोय. नाशिककर, त्या दहा दिवसांत रोज किती मिनिटं वाढवलीत ते सविस्तर लिहा ना. बायको दुसऱ्याच मिनिटाला घामाघूम होतेय.