रेडिएशनचे शेक चालू असताना तोंड वाचवणारं इंजेक्शन, कुठे मिळेल?

वैनगंगा: बाबांचे १८ शेक झाले, १५ राहिलेत. तोंड नुसतं सोलवटलंय. काल मऊ भात मिक्सरमधून काढून दिला तरी पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी. अ‍ॅमिफॉस्टिन म्हणून इंजेक्शन आहे, ते चांगल्या पेशी वाचवतं असं वाचलं. कुठे मिळेल? लवकर सांगा, उद्या परत शेक आहे.

कडूनिंब: कॅन्सर कुठला? ऑपरेशन झालंय? केमो आहे का सोबत?

वैनगंगा: तोंडाचाच, अजून कुठला! ऑपरेशन झालं. इंजेक्शनचं सांगा ना.

रावसाहेब: टार्गेटेडच, म्हणजे नेमकं कॅन्सरच्या पेशींवर जाणारं हवं तर सेटुक्सिमॅब विचारा. आमच्या साडूंना दिलं होतं. महाग पडतं.

कडूनिंब: अहो, ते गाठीवर काम करतं. तोंड वाचवायला नाही, उलट अंगावर पुरळ येतं. ताई विचारतायत काय!

रावसाहेब: अनुभव सांगितला, चिठ्ठी नाही लिहून दिली.

मोगरा: हळद आणि मध. बाकी सगळं थोतांड.

मशीनवाला: दहा वर्षं रेडिएशनच्या मशीनवर आहे. अ‍ॅमिफॉस्टिन अमेरिकी सैन्याने किरणांपासून बचावासाठी काढलेलं. १९९९ मध्ये तिकडे तोंडाच्या कोरडेपणासाठी मान्यता मिळाली. निरोगी पेशींतलं एक एन्झाइम त्या औषधाला चालू करतं, गाठीत ते एन्झाइम कमी. पण द्यायचं पहिल्या शेकापासून, दर शेकाआधी १५ ते ३० मिनिटं, शिरेतून. बीपी उतरतं, ओकाऱ्या होतात. शिवाय ते लाळग्रंथींसाठी. सोलवटलेलं तोंड त्याने भरून येत नाही. हल्ली आयएमआरटीने, म्हणजे किरणांचा जोर जागेप्रमाणे कमी-जास्त करून, लाळग्रंथींना शेक कमी बसेल असं बघतात, म्हणून ते इंजेक्शन मागे पडलं. तुम्ही बेंझिडामिनच्या, म्हणजे दुखणं कमी करणाऱ्या औषधाच्या गुळण्यांचं विचारा. झोंबल्या तर पाणी घालून. आणि जिभेवर पांढरं काही दिसतं का?

 

वैनगंगा: हो, जिभेच्या कडेला पांढरे चट्टे आहेत. मला वाटलं दही चिकटलंय. वजन ६१ चं ५५ झालंय.

कडूनिंब: सहा किलो! हे आत्ता सांगताय?

मशीनवाला: चट्टे बुरशीचे असू शकतात, त्याला औषध वेगळं. उद्या मशीनवर घ्यायच्या आधीच डॉक्टरांना तोंड दाखवा, वजन सांगा. जेवण देण्यासाठी नाकातून नळी घालू म्हणाले तर बाबांना घाबरवू नका, तात्पुरती असते.

वैनगंगा: बाबा नळीला नाहीच म्हणणार. बघते.

मोगरा: मध जांभळाचाच घ्या हं.