मदत हवी आहे: सिनेटरनं नेमकं कुठे काय मत दिलं, कसं शोधायचं?

मंडळी, अमेरिकेतल्या आमच्या सिनेटरनं सैनिकांसाठी खरंच काय केलं, ते मतदानाआधी तपासायचंय. प्रचारपत्रकावर 'पॅक्ट कायद्याला पाठिंबा' एवढंच छापलंय. इराक-अफगाणिस्तानातल्या लष्करी तळांवर कचरा, प्लास्टिक, रसायनं उघड्या खड्ड्यांत जाळत. त्या धुरानं आजारी पडलेल्यांसाठी २०२२ साली हा कायदा झाला. पण सिनेटमध्ये जूनला ८४-१४ने मंजूर, जुलैत ५५-४२वर अडकला (चर्चा संपवून अंतिम मतदानाला जायला ६० मतं लागतात), ऑगस्टमध्ये पुन्हा ८६-११! मधल्या वेळी अनेकांनी पलटी मारली आणि माजी सैनिक कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसले. मला तेच जुलैचं मत सगळ्यात मोलाचं वाटतं. तिन्ही मतदानांची नावनिशीवार यादी कुठे मिळेल? आणि ९/११च्या हल्ल्यानंतर मदतकार्यात आजारी पडलेल्या अग्निशामक जवान आणि इतरांसाठीच्या झड्रोगा कायद्याचे सहप्रस्तावक कसे शोधायचे? कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.