'हाय प्रायॉरिटी अलार्म'ला मराठीत काय म्हणावं?

तापीकाठ: जळगावच्या एका आयसीयूबाहेर नातेवाइकांसाठी फलक लावायचाय. मॉनिटरचे अलार्म तीन: हाय, मीडियम, लो प्रायॉरिटी. मी 'उच्च, मध्यम, निम्न प्राधान्य' लिहिलं. तिथल्या मावशींनी वाचलं आणि विचारलं, "उच्च म्हंजे चांगलं ना भो?" आता काय लिहू?

शुद्धमती: प्राधान्यच बरोबर. फक्त 'अलार्म' काढून 'गजर' करा.

मुक्ताईनगरकर: गजर आमच्याकडे पालखीत होतो. आयसीयूबाहेर लिहिलंत तर लोक टाळ घेऊन येतील.

शुद्धमती: घड्याळाचा गजर होतो तेव्हा टाळ आणता का? पहराचे टोले म्हणजेही गजरच.

निवृत्त सिस्टर, धुळे: प्राधान्य नको. वैद्यकीय उपकरणांच्या अलार्मचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०६०१-१-८; त्यात पातळी ठरते ती किती लवकर पोचायचं यावर. हाय म्हणजे लगेच धावा: लाल दिवा लुकलुकतो, आवाजाचे पाच-पाच असे दहा ठोके. मीडियम म्हणजे लवकर बघा: पिवळा लुकलुकतो, तीन ठोके. लो म्हणजे नुसतं ध्यानात असू द्या: पिवळा किंवा निळसर दिवा, स्थिर; ठोके एक-दोन, कधी तेही नाहीत. ऑक्सिजन मोजणारा बोटाचा चिमटा निसटला तरी मशीन वाजतं आणि बाहेर रडारड सुरू होते. म्हणून 'तातडी' लिहा.

तापीकाठ: मग लो म्हणजे 'कमी तातडी'? तातडी कधी कमी असते का?

निवृत्त सिस्टर, धुळे: तिथे 'सूचना' लिहा की. तिन्हींना एकच शब्द हवा हा हट्ट कोणाचा?

शुद्धमती: 'निकड' चालेल. संस्कृत 'निकट'वरून आला असावा.

मुक्ताईनगरकर: असावा! दरवेळी तुमचं 'असावा'.

भुसावळकर: मुद्दा रंगाचा आहे. आम्ही रेल्वेची माणसं. लाल म्हणजे थांबा. इथे लाल म्हणजे पळा. शब्द कुठलाही लिहा, आमच्या गावची माणसं गोंधळणारच.

निवृत्त सिस्टर, धुळे: पळायचं आम्ही. नातेवाइकांनी थांबायचंच.

केळीबाग: आमची आजी सरळ सांगायची, "मशीन बोंबली ऱ्हायनं, सिस्टरले बलाव." लिहा तेच.

शुद्धमती: फलकावर अहिराणी?

केळीबाग: का नको? वाचणारे कोण, पुण्याचे?

मुक्ताईनगरकर: आमच्याकडे 'बलाव' नाही म्हणत. लेवा बोलीत वेगळं आहे.

केळीबाग: मग सांगा ना काय म्हणता.

तापीकाठ: अहो, फलक उद्या छापायला जातोय.

मुक्ताईनगरकर: थांबा जरा, आईला फोन लावून विचारतो.