भरीत पार्टीतली पैज: ताटात आपलं नक्की काय काय?

कपाशीवाला_पारोळा
राम राम मंडळी. एक वाद मिटवून द्या भो, घरात अबोला व्हायची वेळ आली आहे. रविवारी मळ्यात भरीत पार्टी होती, वीस-बावीस माणसं, वांगी मुद्दाम आसोद्याहून आणलेली, कपाशीच्या काड्यांवर भाजणं चालू होतं, सालं काढून काढून सगळ्यांचे हात काळेभोर, आणि आमचे पुण्याचे दाजी खाटेवर बसून म्हणतात काय खान्देशी खान्देशी लावलंय, या ताटातलं अर्धं सामान परदेशातून आलेलं आहे. झालं, मोठे काका तापले. ते म्हणे आमच्या पणजोबापासून आम्ही हेच खाऊ राह्यलो. शेवटी पैज लागली, हरेल त्याने पुढच्या पार्टीचा सगळा खर्च करायचा अन वांगी पण त्यानेच भाजायची.

ताटात होतं ते असं: भरीत, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, गंगाफळाची भाजी, ठेचा, नंतर केळी. आईचा उपास होता म्हणून तिला साबुदाण्याची खिचडी वेगळी. मिरची बाहेरची हे मी पण ऐकलंय पण काका मानायला तयार नाहीत, ते विचारतात मग आधी लोक काय फिकं जेवत होते का. नक्की माहिती असेल तर सांगा, फॉरवर्ड नको, ते दोन्ही पार्ट्यांकडे पोतंभर आहेत.

लाल_पथारी
मिरचीचं मी सांगतो, नंदुरबारचा आहे, घरचा धंदाच तो. सीझनला इथे पथारीवर मिरची वाळत टाकली की लांबून जमिनीवर लाल चादर अंथरल्यासारखं दिसतं आणि वारा सुटला तर रस्त्यावरून जाणारा गाडीवाला पण शिंकत जातो. आमची आजी म्हणायची, मिरची बिगर जेवन गोड लागस नही. आता एवढं सगळं बघून मोठं झालेल्या माणसाला मिरची मेक्सिकोकडची आहे हे पटायला वेळ लागतोच, मला पण लागला. पण खरं तेच आहे. कोलंबस १४९२ ला अमेरिकेत पोचला तोपर्यंत मिरची त्या खंडाबाहेर कुठेच नव्हती. वास्को द गामा १४९८ ला कालिकतला आला आणि पुढच्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे उतरली. म्हणजे सगळी मिळून पाचशे वर्षं.

आणि काकांना सांगा, आधीचे लोक फिकं जेवत नव्हते. मिरे, पिंपळी, आलं होतं ना. मिरची हे नावच मिऱ्यावरून पडलंय. गंमत बघा, मुक्ताबाईंनी ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजले ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, त्या मुक्ताबाई आपल्या मेहूणला तापीकाठी १२९७ मध्ये गुप्त झाल्या, तेव्हा मांडे होते पण सोबत ठेचा असणं शक्यच नव्हतं, अख्ख्या महाराष्ट्रात एक मिरची सापडली नसती. (आणि मिरे मलबारचे बरं का, तेव्हा मिरे खायचे तरी केरळकडून मागवायला लागायचे.)

बोदवडची_माय
मला तर आईच्या खिचडीचं जास्त हसू आलं. भरताचं सोडा, त्या रात्री सगळ्यात परदेशी ताट उपास धरणाऱ्याचंच होतं! साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा, आपल्याकडे येतो तो बहुतेक तमिळनाडूत सेलमला तयार होतो. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरचीचं वर आलंच. त्यात बटाटा घातला असेल तर तो पेरूकडचा, म्हणजे पेरू देशाकडचा, आणि बटाटा हे नाव पण पोर्तुगीजांचं. त्यांनी ते कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून घेतलं आणि तिकडे तो शब्द रताळ्यासाठी होता. रताळं पण अमेरिकेचंच. माझ्या सासूबाई चतुर्थीला फ्लॉवर चालत नाही म्हणतात, तो इंग्रजांनी आणला म्हणून, आणि त्याच ताटात बटाट्याचा कीस असतो 😄 मी आजपर्यंत तोंड उघडलेलं नाही, इथे लिहिते कारण त्या इथे नाहीत.

आपण नावाला फसतो असं मला वाटतं. गंगाफळच घ्या, नावात गंगा, आणि हा लाल भोपळा अमेरिकेतून आलेला. भुईमूग म्हटलं की वाटतं मुगाचाच कोणी भाऊ, शिमला मिरची शिमल्याची नाही, सीताफळ रामफळ दोन्ही अमेरिकेकडची झाडं. बाहेरून आलेल्या वस्तूला लोकांनी देवाचं नाहीतर ओळखीचं नाव दिलं आणि दोन पिढ्यांत ती घरची झाली.

अजिंठा_रोड
सीताफळाचं मान्य नाही ताई. अजिंठ्याच्या लेण्यांत सीताफळ काढलेलं आहे असं गाईड लोक सांगतात, ती लेणी तर कोलंबसच्या हजार वर्षं आधीची. आणि राजगिऱ्याला हिंदीत रामदाना म्हणतात, तो पण आपलाच असणार.

बोदवडची_माय
भाऊ रामदाना म्हणजे परत नावच झालं की. राजगिऱ्याचा दाणा मेक्सिकोचा, अॅझटेक लोक त्याच्या मूर्ती करून देवाला वाहायचे. आपण लाल माठ खातो ना, तो त्याच कुळातला आणि तो मात्र इकडचा, म्हणून गोंधळ होतो. सीताफळाचं म्हणाल तर खडबडीत फळ कोरलेलं दिसलं की लोक सीताफळ म्हणतात, फणस पण तसाच दिसतो. सीताफळाचे रानटी भाऊबंद रानात उगवतात ते तिकडे अमेरिकेत, इकडे नाही. उपासाला अस्सल देशी काही खायचं असेल तर भगर खा, ती इथलीच.

केळीवाला_रावेर
केळीचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा आमच्याकडे काही जणांना वाटायला लागलं की केळीचा जन्मच तापीकाठी झाला. जीआयचा अर्थ तसा नसतो भो, ते जळगाव भागात पिकवलेल्या मालाच्या नावाला मिळतं. केळीचं मूळ आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडे, न्यू गिनीत सात हजार वर्षांपूर्वी केळी लावल्याच्या खुणा सापडल्यात. आता आम्ही लावतो ते ग्रँड नैन. फ्रेंच नाव आहे, अर्थ मोठा बुटका! ती कॅव्हेंडिश गटातली, आणि कॅव्हेंडिश हे इंग्लंडातल्या एका ड्यूकचं आडनाव, त्याच्या माळ्याने, म्हणजे जोसेफ पॅक्स्टनने, १८३० च्या दशकात मॉरिशसहून आलेलं झाड काचघरात वाढवलं, त्यावरून ते नाव पडलं. आजोबा बसराई लावायचे, ती पण याच गटातली. बी नाही, सगळी एकाच झाडाची नक्कल, म्हणून रोग आला की शेजाऱ्याची वाचली अन माझी गेली असं होत नाही, सगळ्यांचीच जाते. असो, तो वेगळा विषय, भावावर बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही.

तूरकाठी
आता काकांच्या बाजूने बोलतो, कारण सगळे दाजींनाच निवडून देऊ राह्यले. वांगं आपलं. आशियातलं, आणि भारत त्याच्या जुन्या घरांपैकी एक. संस्कृतात वातिंगण, त्याचं फारसीत बादिंगान झालं, अरबांनी पुढे अल लावून अल-बादिंजान केलं, ते स्पेनमधून फ्रान्सला जाऊन ऑबर्जीन झालं. परत येताना पोर्तुगीजांनी आणलेल्या रूपावरून इंग्रज त्याला ब्रिंजल म्हणायला लागले. म्हणजे आपलंच वांगं जग फिरून आलं आणि आपल्याला इंग्रजीत भेटलं.

कळण्याच्या भाकरीत मात्र पंचाईत आहे. उडीद शंभर टक्के इथला, पण ज्वारी आफ्रिकेची, सुदानकडची. बाजरी पण आफ्रिकेची, सहाराच्या खालच्या पट्ट्यातली. पण ज्वारीला भारतात येऊन चार हजार वर्षं झाली असतील, तिला आता आधार कार्ड द्यायला हरकत नसावी. कांदा लसूण मध्य आशियाकडचे, तेही फार जुने पाहुणे. शेंगदाणा तेल नव्हतं तेव्हा तिळाचं होतं, तीळ आपला.

पण दाजींनी एक मुद्दा सोडला आणि तो सगळ्यात भारी आहे. वांगी भाजली कशावर? कपाशीच्या काड्यांवर. आपण आता लावतो ती जवळपास सगळी बीटी, म्हणजे जनुक बदललेली, २००२ ला परवानगी मिळालेली, आणि ती ज्या जातीत आहे ती कपाशी मुळात मेक्सिकोकडची. आपली जुनी देशी कपाशी वेगळी, आखूड धाग्याची. म्हणजे वांगं खान्देशी आणि जाळ अमेरिकन 😂

चायनीज_गाडी_धुळे
मी संध्याकाळी गाडी लावतो, गिऱ्हाईक विचारतं भाऊ मंचुरियन ओरिजिनल चायनीज आहे का, मी म्हणतो एकदम ओरिजिनल. खरं म्हणजे ते मुंबईचं. नेल्सन वँग म्हणून शेफ, जन्म कोलकात्याचा, त्याने १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं लसूण मिरची परतून सोया सॉस घालून केलं असं तो स्वतःच सांगायचा. चीनमधल्या मंचुरियात जाऊन मागाल तर कोणाला कळणार नाही. पण हे गिऱ्हाईकाला सांगून धंदा होतो का? समोसा आपला समजतात तो इराणकडून आला, जिलबी तिकडचीच, त्यावर कोणी भांडत नाही, आमच्या मंचुरियनवरच सगळ्यांची नजर.

कपाशीवाला_पारोळा
सगळ्यांचे आभार. काल रात्री ओट्यावर बसून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मुक्ताबाईंचं ऐकून काका जरा गप्प झाले, मग म्हणतात ठीक आहे मिरची सोडली, पण पैज अर्ध्या ताटाची होती, मग मोजा, आणि मोजायचं तर काट्यावर मोजा. पंधरा किलो वांगी, मिरची फार तर एक किलो, शेंगदाणे दोन किलो, बोला कोण जिंकलं. दाजी फोनवर म्हणतात वजनाचं ठरलंच नव्हतं, नग मोजायचे. त्यावर काका म्हणे कापूस विकतो आम्ही, नगावर विकत नसतो. आता ज्वारी कोणाच्या बाजूला धरायची यावर परत अडलंय, आई म्हणते चार हजार वर्षं घरात राहिलेल्या सुनेला माहेरचं नाव लावायचं असेल तर मी भाकरीच करणार नाही.

तर पार्टी येत्या रविवारी ठरली, खर्च निम्मा निम्मा, भाजायला दोघांनी बसायचं. पण तूरकाठी भाऊ तुम्ही ते काड्यांचं लिहून माझं काम वाढवलं, काका अडून बसलेत की यावेळी जाळ देशी कपाशीचाच पाहिजे. पारोळ्याच्या आसपास कोणी अजून देशी लावत असेल अन काड्या असतील तर कळवा, बैलगाडीभर लागतील, न्यायला मी येतो.