काजूचा कारखाना: हातातलं घोटत राहायचं की नवं धुंडाळायचं?

बॉयलरवाला:
कुडाळजवळ आमचा घरचा काजू प्रक्रियेचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. परवा रात्री जेवताना आमची जुंपली. तो वाद इथे मांडतो, कारण आंबा कॅनिंगवाल्यांच्या आणि एमआयडीसीतल्यांच्या घरीही तो होत असणार.

गेल्या हंगामात चार पैसे उरले. भाऊ म्हणतो, बॉयलर बदलू. जळण कमी लागेल, धूर कमी होईल, वाडीतल्या लोकांची तक्रार थांबेल. मी म्हणतो, हे पैसे बोंडूवर, म्हणजे बी ज्याला लटकते त्या काजूच्या फळावर लावू.

१०० किलो बी फोडली की गर मिळतो २५ किलोच्या आसपास. बाकी बहुतेक टरफल, त्यातलं पुष्कळ आम्ही बॉयलरलाच घालतो. पण बी कारखान्यात पोचण्याआधीच तिच्या कितीतरी पट वजनाचे बोंडू बागेत पडलेले असतात. पिळून बी काढली की बोंडू तिथेच टाकतात. दुपारपर्यंत काळपट, संध्याकाळी आंबूस वास आणि माशांचं मोहोळ. बांदा ओलांडून गोव्यात गेलं की त्याचीच फेणी होते, २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडे बहुतेक बोंडू मातीत जातात.

जेम्स मार्च या अमेरिकन अभ्यासकाचा १९९१ सालचा एक लेख याच पेचावर आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: येत असलेलं काम घोटण्याचा फायदा लवकर आणि खात्रीने दिसतो, नवं धुंडाळण्याचा उशिरा दिसतो किंवा दिसतही नाही. म्हणून संस्था हळूहळू घोटण्याकडेच झुकतात आणि एक दिवस त्यांच्याकडे दुसरं काहीच उरलेलं नसतं. वाचताना मला आमचाच कारखाना दिसत होता. वीस वर्षांत आम्ही कुकर बदलला, कटिंग मशीन बदललं, ड्रायर बदलला. बोंडूला हात लावला नाही.

माझं मत: चांगल्या हंगामातला काही हिस्सा नव्यासाठी बाजूला काढायचा आणि त्याचा हिशोब रोजच्या धंद्यात मिसळायचा नाही. तुम्हाला काय वाटतं?

खतावणी:
मी रत्नागिरीकडच्या काही कॅनिंग युनिटांची हिशोबाची कामं करतो. तुमच्या भावाचं बरोबर आहे.

पर्यावरणाचं भलं नव्या शोधातच असतं हे कुणी ठरवलं? वाफेच्या पाइपला लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं वेष्टन करा. गळणारे स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) बदला. वाफेचं झालेलं गरम पाणी गटारात सोडण्याऐवजी बॉयलरच्या टाकीत परत घ्या. एका युनिटात हे पाणी वर्षानुवर्षं नाल्यात जात होतं. पाइप आणि पंप बसवायला आठवडा लागला आणि त्या हंगामात जळणाचं बिल उतरलेलं मी माझ्या हाताने वहीत लिहिलं. यात शोध नाही, फोटो छापून येत नाही, पण धूर खरोखर कमी झाला.

मार्चचं नाव काढलंत म्हणून सांगतो. १९९३ साली त्याने लेविंथाल यांच्याबरोबर आणखी एक लेख लिहिला, त्यात उलटा सापळाही दाखवलाय. नवं करायला जायचं, ते फसलं की दुसरं नवं, तेही फसलं की तिसरं. कशालाच पिकायला वेळ द्यायचा नाही. आपल्याकडे अनुदानाच्या योजनेमागे धावणारे असेच बुडतात. आधी सोलर ड्रायर, मग सिरप, मग टरफलाच्या विटा. शेडमध्ये तिन्ही यंत्रं गंजत पडलेली मी पाहिली आहेत. कर्ज मात्र चालू असतं.

बॉयलरवाला:
खतावणीदादा, लॅगिंगचं मान्य, उद्याच करतो. पण पाहिलंत का, तुमची सगळी उदाहरणं एका हंगामात वसूल होणारी आहेत. मार्चची भीती तीच आहे. एका हंगामात वसूल होणारं काम कधी संपतच नाही, मग दहा वर्षांनी वसूल होणाऱ्याची पाळी कधी यायची?

डेन्मार्कमध्ये १९९१ साली समुद्रात पहिल्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, सगळ्या मिळून जेमतेम ५ मेगावॅट. उभारणारे वीज कंपनीवालेच होते, रोजची वीज कोळशावर करणारे. त्या वर्षीच्या वहीत तो खर्च वेडेपणाचाच दिसला असणार. पुढे अशा कंपन्या एकत्र होऊन जी कंपनी झाली तिने २०१७ साली तेल-वायूचा धंदा विकला आणि ऑर्स्टेड हे नाव घेतलं. आज ती समुद्रातल्या वाऱ्यावर चालते. त्या ११ चक्क्यांनी पैसा दिला नसेल, पण समुद्रात खांब कसा रोवायचा हे शिकवलं.

खतावणी:
ऑर्स्टेडमागे डेन्मार्कचं सरकार भागधारक म्हणून उभं होतं. तुमच्यामागे जिल्हा बँकेचा हप्ता उभा आहे. हा फरक विसरून दिलेलं उदाहरण माणसाला खड्ड्यात घालतं, आणि मला तुमची काळजी वाटते म्हणून एवढं स्पष्ट लिहितोय.

खाडीकाठ:
वादात पडते. आमचं घर खाडीवर आहे, सासरे पागायला, म्हणजे जाळं टाकून मासे धरायला जायचे. वरच्या अंगाला रासायनिक कारखाने आले तेव्हा मी नवीन लग्न होऊन आले होते. पहिल्या पावसाचं पाणी उतरलं की पहाटे काठावर मेलेली मासळी लागायची. बोय, शेवटं, सगळी पांढरी पोटं वर करून. सासरे एकेक उचलून कल्ले उघडून बघायचे आणि परत टाकायचे. कुणाशी बोलायचे नाहीत त्या दिवशी.

दर वेळी आम्हाला सांगितलं गेलं की सांडपाण्याची प्रक्रिया आणखी सुधारलीय. सुधारली असेलही. खतावणीभाऊ, हे तुमचं घोटणंच आहे. नळाच्या शेवटच्या टोकाला गाळणी बसवायची आणि दर वर्षी ती थोडी बारीक करायची. मुळात नळात ते पाणी येतंच कशाला, हे विचारायला कुणी बसत नाही, कारण त्यासाठी आख्खी रीत बदलावी लागते. आणि घोटण्यातला फायदा कारखान्याच्या वहीत जातो. उशिराचा तोटा कुणाच्या वहीत लिहिला जातो ते सासऱ्यांना विचारायला हवं होतं.

प्रयोगशाळेतली:
ताई, मी अशाच रासायनिक कारखान्यांच्या एका वसाहतीत काम करते. तुमचं म्हणणं आतून बघणारी म्हणून खरं आहे असं सांगते, पण पूर्ण खरं नाही.

रीत बदलायची म्हणजे काय, तर विद्रावक (रसायनं विरघळवणारा द्रव) बदलायचा, उत्प्रेरक (क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) बदलायचा, चार पायऱ्यांची प्रक्रिया तीन पायऱ्यांत आणायची. प्रयोगशाळेत जमतं. मग गिऱ्हाईक विचारतं की मालातली अशुद्धी बदलली का? औषधाचा कच्चा माल असेल तर मंजुरीचे कागद नव्याने करावे लागतात. तोवर जुना प्लांट चालूच असतो आणि वरिष्ठ म्हणतात, आहे त्यातच विद्रावक जास्त परत मिळवा. ते आम्ही करतो आणि दर वर्षी थोडं जमतंही. जमतं म्हणूनच नव्या रीतीची फाइल मागे पडते. हे मला रोज खुपतं.

कंपनीला आपणहून शहाणपण सुचेल या भरवशावर मी नाही. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी फ्रिजमधल्या वायूंमुळे ओझोनचा थर धोक्यात येईल असं दाखवलं. हे वायू बनवणाऱ्या ड्यूपॉन्ट या अमेरिकन कंपनीने पर्याय शोधायला घेतले. १९८०च्या सुमारास अमेरिकेत कायद्याचा रेटा ओसरला आणि ते काम थांबलं. १९८७ला या वायूंना आवर घालणारा आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करार झाला, १९८८ला याच कंपनीने जुने वायू बंद करण्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या काही वर्षांत पर्याय बाजारात आले. अक्कल तीच होती, फक्त टाच मारणारा हवा होता.

आणि आलेले पर्याय? त्यातले काही ओझोनला निर्धोक, पण पृथ्वी तापवणारे. म्हणून २०१६ साली रवांडातल्या किगालीला सगळ्या देशांना करार सुधारायला पुन्हा बसावं लागलं. मधली वर्षं शोध चालू राहिला असता तर पर्याय पारखायला वेळ मिळाला असता, असं मला वाटतं.

खाडीकाठ:
टाच मारणारा हवा, हे मात्र अगदी खरं बोललीस बाय.

सव्यसाची:
व्यवस्थापनात यावर एक तोडगा शिकवतात. टशमन आणि ओ'रायली या अमेरिकन अभ्यासकांनी १९९६ साली मांडला. अर्जुन दोन्ही हातांनी बाण सोडायचा म्हणून सव्यसाची, तशी कंपनीही असावी. घोटणारा विभाग वेगळा, धुंडाळणारा वेगळा, वर मालक एकच. छोट्यांना दोन विभाग परवडत नाहीत, त्यांनी वेळ वाटून घ्यावा. आपल्या कोकणात तर निसर्गानेच वाटून दिलाय. मार्च ते मे धंदा, पावसात प्रयोग.

बोंडूवाली:
सव्यसाची, पावसात बोंडू कुठून आणणार?

मी आणि वाडीतल्या सहा बायका चार वर्षं बोंडूचं सरबत करतोय, वेंगुर्ल्याच्या बाजूला. बोंडू झाडावरून पडला की त्याच दिवशी पिळायचा, दुसऱ्या दिवशी तो गेला. म्हणजे प्रयोग करायचे तर एप्रिलमध्येच. आणि एप्रिलमध्ये काय असतं? मालक बी खरेदीला पहाटेपासून बाजारात. पावसाआधी बी वाळवून गोदामात भरायची घाई. कामाला माणूस मिळत नाही. टेम्पो मिळत नाही. वर लग्नसराई.

बॉयलरवालेदादा, तुम्ही पैसे बाजूला काढायचं म्हणताय. आमचे पैसे कधीच कमी पडले नाहीत, लागतातच किती? आमचे हात कमी पडले. पहिल्या वर्षी रस तुरट झाला, जीभ धरायची. पेज घालून गाळला की तुरटपणा खाली बसतो हे एका मावशीने सांगितलं, मग साबुदाण्याची खळ घालून पाहिली, ती जास्त चांगली बसली. पण किती खळ, किती वेळ ठेवायची, हे कळायला दोन हंगाम गेले. हंगामात सात-आठ आठवडेच मिळतात, आणि त्यातही निम्म्या वेळा आमच्यातल्या दोघी-तिघींना कारखान्यात कटिंगला बोलावणं यायचं. रोख मजुरी कोण सोडेल? मीही गेले आहे. हाताला राख आणि खोबरेल लावून बसायचं, तरी टरफलाच्या तेलाने बोटांची सालं निघतात. त्या हातांनी संध्याकाळी बोंडू पिळायचा म्हणजे नुसती आग.

तुमचा पैसा बँकेत बाजूला राहील हो. एप्रिलमध्ये माणूस बाजूला राहील का, ते बघा.

खतावणी:
ताईंचा हा मुद्दा माझ्या वहीत कधी दिसला नव्हता. मी आजवर प्रयोगाचा खर्च म्हणजे यंत्र आणि व्याज एवढंच धरत आलो.

तरी माझा आग्रह राहतो की आधी गळती बंद करा. पण मोठं यंत्र न घेता दोन माणसं आठ आठवडे सोडणार असाल, तर त्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र यांनी बोंडूवर काम केलेलं आहे. पैसे घालण्याआधी तिथे जाऊन या, जे त्यांना सापडलंय ते पुन्हा शोधण्यात हंगाम घालवू नका.

बॉयलरवाला:
बोंडूवालीताई, तुमचं लिहिणं भावाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, कटिंगवरच्या बायकांना एप्रिलमध्ये आपणच ओढून नेतो हे खरं आहे.

आमचं ठरलं ते असं. लॅगिंग आणि परतीच्या पाण्याचा पाइप या महिन्यात. नवा बॉयलर एक वर्ष पुढे. येत्या हंगामात दोघी कामगार आणि भावाचा मुलगा कटिंग आणि खरेदीच्या कामातून पूर्ण मोकळे, मजुरी कटिंगएवढीच, काम फक्त बोंडूचं. मार्चनंतर बाजारात कितीही ओढाताण झाली तरी त्यांना परत बोलवायचं नाही. हे मी भिंतीवर लिहून ठेवतोय, कारण पहिला मोडणारा मीच असेन हे मला माहीत आहे.

खळीचं प्रमाण सांगाल का? आणि आमच्या पोरांना दोन दिवस तुमच्याकडे पाठवलं तर चालेल का?

बोंडूवाली:
पाठवा. पहिला बोंडू पडला की फोन करते. खळ त्यांना हाताने ढवळूनच कळेल. येताना झाकणाची स्टीलची पातेली आणा. लोखंडी भांड्यात रस काळा पडतो, आमचं पहिलं पिंप तसंच ओतून द्यावं लागलं होतं.