चाइल्ड बेनिफिट म्हणजे भत्ता, लाभ, सवलत की खैरात?

रेडिंगकरीण:
आमच्या ब्रिटनमधल्या मराठी मंडळाच्या पाडवा अंकासाठी इथल्या चाइल्ड बेनिफिटच्या (मुलांमागे सरकार आईबापांना देतं ते पैसे) भांडणावर दोन पानं लिहून देते असं जोरात सांगून बसले आणि पहिल्याच ओळीत गाडी अडकलीये, कारण 'बेनिफिट'ला शब्दच सापडेना. साताऱ्याच्या मावशीला फोनवर म्हटलं की इथे मुलांसाठी भत्ता मिळतो, तर ती म्हणे "अगो वा, जावयांची कंपनी चांगलीये की". तिचं तरी काय चुकलं? भत्ता म्हणजे महागाई भत्ता, प्रवासभत्ता, कोणीतरी मालक आणि कोणीतरी नोकर. अनुदान शाळेला नाहीतर ठिबकला मिळतं. मदत म्हणावं तर आधी गारपीट व्हायला हवी. 'लाभ' त्यातल्या त्यात जवळचा पण त्याच्या मागोमाग 'लाभार्थी' येतो आणि मग मला स्टेजवर चेक धरून फोटोला उभी केलेली माणसं दिसायला लागतात. इथे तसलं काही नाही हो, पहिल्या मुलाचे आठवड्याला २६.०५ पाउंड, पुढच्या प्रत्येकाचे १७.२५ (हा २०२५-२६ चा दर), गुपचूप खात्यात.

दुसरी भानगड 'टू चाइल्ड लिमिट'. मी लिहिलं 'दोन अपत्यांची मर्यादा', नवऱ्याने वाचून विचारलं, म्हणजे तिसरं झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही का? आपल्याकडे सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या मुलामुळे सरपंचपद जायचं ते डोक्यात पक्कं बसलंय ना. इथे बंदी कशाचीच नाही, ६ एप्रिल २०१७ पासून जन्मलेल्या तिसऱ्या मुलाचे युनिव्हर्सल क्रेडिटमधले (कमी उत्पन्नाच्या घरांना सरकार देतं ते) पैसे एप्रिल २०२६ पर्यंत मिळत नव्हते एवढंच. आणि चाइल्ड बेनिफिट तर तिसऱ्या-चौथ्यालाही चालूच होतं, ते वेगळं खातं, ही गल्लत इथले गोरेही करतात.

तिसरं, 'स्मॉल स्टेट', म्हणजे सरकारने कमीत कमी कामात आणि खर्चात पडावं हा विचार. 'लहान राज्य' लिहिलं तर वाचणारा म्हणेल गोवा. 'छोटं सरकार' लिहिलं तर वाटेल मंत्री कमी आहेत. सुचवा काहीतरी.

निवृत्त_हेडक्लार्क:
ताई, भत्त्याला उगीच नावं ठेवू नका. बेरोजगार भत्त्यात कुठला आलाय मालक? आणि सस्पेंड झालेल्या माणसाला निर्वाह भत्ता देतात, तो काम केल्याबद्दल नसतो, घरची चूल पेटायला हवी म्हणून असतो. तुमच्या बेनिफिटचा अर्थ हाच ना? शिवाय हा शब्द साहेबाला नवा नाही, कंपनी सरकारच्या फौजेत 'बॅटा' म्हणायचे. १७६६ साली क्लाइव्हने डबल बॅटा बंद केला तर बंगालमधल्या गोऱ्या अफसरांनी बंड केलं होतं! सरळ 'बालभत्ता' लिहा, मावशींनाही दोन दिवसांत कळेल.

खोडसाळ:
गंमत सांगू का, 'बेनिफिट' लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ चांगलं केलेलं काम. आणि खैरात अरबीतून, त्यात 'खैर' म्हणजे भलं, चांगलं. म्हणजे मुळावर जाऊन शब्दशः भाषांतर केलं तर चाइल्ड बेनिफिट = पोरांची खैरात. हाहा. छापा आणि मंडळाच्या वार्षिक सभेत बघा काय होतं ते.

रेडिंगकरीण:
हसू नका, इंग्रजीतही तेच झालंय. 'ऑन बेनिफिट्स' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे सोफ्यावर लोळणारा माणूस येतो. प्रत्यक्षात त्या दोनच्या लिमिटमध्ये सापडलेल्या निम्म्याहून जास्त घरांत कोणीतरी कामाला जात होतं.

हिशोबनीस:
खरी मेख 'सवलत' या शब्दात आहे, त्याच्यावर कोणीच बोललं नाही. थोडं मागे जाऊ. इथला पहिला कायदा १९४५ चा, फॅमिली अलाउन्स. एलिनर रॅथबोन या खासदार बाई त्यासाठी किती वर्षं भांडत होत्या, शेवटी बिल आलं तर त्यात पैसे बापाच्या नावे! पुन्हा भांडल्या, मग आईला देणं ठरलं. वाटप ऑगस्ट १९४६ ला सुरू झालं आणि बाई त्याच जानेवारीत गेलेल्या. तेव्हा पहिल्या मुलाला शून्य होतं, दुसऱ्यापासून आठवड्याला ५ शिलिंग. २०१७ च्या नियमाच्या बरोब्बर उलट बघा, पहिल्या दोघांना घ्या आणि तिसऱ्यापासून हात वर.

आता सवलत. या अलाउन्सच्या जोडीला बापाच्या इन्कम टॅक्समध्ये मुलांमागे सूट होती. १९७७ पासून दोन-तीन वर्षांत ती सूट काढत नेली आणि दोन्ही मिळून चाइल्ड बेनिफिट केलं, पहिल्या मुलापासून, रोख, आईला. म्हणजे बापाच्या खिशातून काढून आईच्या पदरात. १९७६ मध्ये पंतप्रधान कॅलहानच्या सरकारने ते लांबणीवर टाकायचा घाट घातला होता कारण बाप्यांचा हातात येणारा पगार कमी दिसला असता, पण कॅबिनेटची कागदं फुटली आणि बेत फसला. माझा मुद्दा पुढे आहे. सूट होती तोवर ती कोणाला सरकारी खर्च वाटली नाही, सरकारने कर कमी घेतला, माणसाचे पैसे माणसाकडे राहिले. भत्ता झाल्यावर तेच पैसे खर्चाच्या बाजूला आले, आणि सरकार एका रात्रीत फुगलं! घरात येणारा पाउंड तोच. मग २००३ ला तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी 'चाइल्ड टॅक्स क्रेडिट' आणलं, नावात टॅक्स पण जो एक पेनीही टॅक्स भरत नाही त्यालाही मिळायचं, म्हणजे भत्त्याला सवलतीचं जाकीट घातलं. त्यामुळे ताई, तुम्ही सवलत लिहिलंत तर उजवे खूश, भत्ता लिहिलंत तर डावे, मधला शब्द मला तरी माहीत नाही.

तडवळकर:
उजव्यांचं म्हणणंही नीट मांडा. तेव्हाचे अर्थमंत्री ऑस्बोर्न यांनी २०१५ ला ते दोन मुलांचं लिमिट जाहीर केलं तेव्हा बाजू अशी होती की कमावतं जोडपं तिसरं परवडेल का याचा हिशोब करतं, मग बेनिफिटवाल्यांनी का करू नये. हे पटणारे लोक भरपूर आहेत, आपल्या मराठी लोकांत तर जास्तच, इथे खाजगीत ऐका. मजुरांनी तरी काय केलं (पक्ष हो, लेबर), जुलै २०२४ ला ही मर्यादा काढा म्हणून मत दिलेल्या आपल्याच ७ खासदारांना सस्पेंड केलं आणि नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये त्यांच्याच अर्थमंत्री रेचल रीव्ह्जनी स्वतःच ती एप्रिल २०२६ पासून काढतो म्हणून सांगितलं.

बाकी 'नॅनी स्टेट'ला कोणी 'मायबाप सरकार' लिहू नये ही विनंती. नॅनी स्टेट हा टोमणा आहे, १९६५ मध्ये इयन मॅक्लाउड या उजव्या पक्षाच्या नेत्याने वापरलेला, म्हणजे जी बाई श्रीमंताच्या पोराला सारखी हे करू नको ते करू नको करते ती. मायबाप सरकार हा अर्जाचा मायना आहे, खालून वर बघून म्हणायचा. हल्ली आपण तोही टोमण्याने म्हणतो पण तेव्हा तक्रार अशी असते की मायबाप लक्ष देत नाही, उलट नॅनीची तक्रार की नको तेवढं देते.

खोडसाळ:
'आया सरकार' चालेल. आया हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, युरोपातला माल युरोपात परत.

स्लाउवाला_पोर्‍या:
लाभ भत्ता काय ते ठरवा, आम्हाला मिळत नाही. वर्क व्हिसाच्या अटींत लिहिलंय 'नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स', म्हणजे असले सरकारी पैसे मागायचे नाहीत, टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स मात्र पहिल्या पगारापासून कापतात. त्यामुळे 'हक्क' शब्द कृपया वापरू नका, निदान सेटलमेंट (कायम राहायचा परवाना) मिळेपर्यंत :) आणि मिळाल्यावर एकाचा पगार वर्षाला ६०,००० पाउंडांच्या वर गेला की ते बेनिफिट टॅक्समधून परत काढून घ्यायला लागतात, ८०,००० ला सगळं साफ. दोघं प्रत्येकी ५९ हजार कमवत असतील तर पूर्ण मिळतं. याला मराठीत काय म्हणतात ते मला माहितीये पण इथे लिहिता येणार नाही.

रेडिंगकरीण:
बरं, तर शीर्षकात 'बालभत्ता', काकांचं ऐकते. टू चाइल्ड लिमिटला 'तिसऱ्या मुलापासून पैसे बंद', लांब आहे पण कोणी सरपंचपदाचं विचारणार नाही. स्लाउचा मुद्दा चौकटीत टाकते. स्मॉल स्टेटला 'सरकारचा पसारा कमी करणे' कसं वाटतं?

हिशोबनीस:
पसारा नको. पसारा म्हटला की तो आवरायचाच असतो, मग वादाला उरलं काय. 'आवाका' लिहा.

रेडिंगकरीण:
आवाका. झालं. गुरुवारी छापायला जातंय, हरकत असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. मावशी मात्र अजून आमच्या ह्यांच्या कंपनीचं कौतुक सगळ्या गल्लीत सांगत फिरतीये, ते आता मी काही दुरुस्त करत नाही.