चिनी माती, बोन चायना आणि कपाचा कान

'बोन चायना'ला मराठीत काय म्हणावे, या प्रश्नाला 'चिनी माती' हे उत्तर सहज दिले जाते. मला ते अपुरे वाटते. लोणच्याची बरणी आणि अठराव्या शतकातला नाजूक इंग्रजी कप या दोहोंना आपण चिनी मातीचेच म्हणतो. प्रत्यक्षात बरणी जाड आणि अपारदर्शक असते, तर चांगल्या पोर्सेलीनचा, म्हणजे उंची पांढऱ्या भाजक्या मातीचा, कप उजेडापुढे धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसते.

'पोर्सेलीन' शब्दाच्या मुळाशी इटालियन 'पोर्चेल्लाना', म्हणजे कवडी, आहे. भांड्याची झळाळी कवडीसारखी दिसली म्हणून हे नाव पडले. इंग्रजीत 'चायना' हेही नाव रूढ झाले आणि मराठीप्रमाणेच तिथेही वस्तूला देशाची ओळख चिकटली. मात्र खरी चिनी कृती हाती नसल्यामुळे इंग्रज कारागीर बरीच वर्षे चाचपडत होते. वूस्टरच्या कारखान्याने १७५१ पासून मिश्रणात शंखजिरे वापरले; लंडनजवळच्या बो येथील कारखान्याने, जो स्वतःला 'न्यू कँटन' म्हणवीत असे, हाडांची राख वापरली. कॉर्नवॉलच्या मातीपासून पोर्सेलीन करण्याचे पेटंट विल्यम कुकवर्दी यांना १७६८ मध्ये मिळाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पोड यांच्या स्टोक येथील कारखान्यात जे मिश्रण स्थिरावले, त्यात जवळजवळ निम्मा भाग हाडांच्या राखेचा होता. म्हणजे 'बोन' हे शोभेचे विशेषण नव्हे, तो घटक आहे. 'अस्थिमृत्तिका' असा शब्द घडवता येईल, पण तो कोणाच्या तोंडी बसणार नाही. 'बोन चायना'च राहू द्यावे.

नक्षीच्या नावांचे भाषांतर करताना अधिक जपावे लागते. 'इंडियन ट्री'चे 'भारतीय वृक्ष' केले की वाचकाची दिशाभूल होते, कारण ती नक्षी चिनी वळणाची आहे. डर्बीच्या निळ्या, तांबड्या आणि सोनेरी भांड्यांवरच्या 'इमारी'त तर जपानमधल्या एका बंदराचे नाव आहे. 'विलो पॅटर्न'मधले झाड आपले वाळुंज. परंतु पूल, मंडप आणि दोन पक्षी असलेले ते निळे चित्र चिनी नमुन्यांवरून इंग्लंडमध्येच तांब्याच्या पत्र्यावर कोरले गेले, आणि त्यासोबत सांगितली जाणारी प्रेमकथाही इंग्रजांनीच रचलेली आहे. खरा भारतीय धागा शोधायचा तर तो 'चिंट्झ' या शब्दात सापडतो. आपल्या छापील कापडाचे 'चीट' आणि हिंदीतले 'छींट' याच कुळातले असून, त्या कापडासारखी दाट फुलांची नक्षी पुढे इंग्रजी कपबश्यांवरही उतरली.

राहिला कान. चिनी पेल्याला कान नसे आणि त्याच्या नकलेने बनलेल्या सुरुवातीच्या अनेक इंग्रजी पेल्यांनाही नव्हता. म्हणून 'टी बोल'ला 'कप' न म्हणता 'चहाची वाटी' म्हणावे, आणि 'टीपॉट'ला 'किटली' न म्हणता 'चहादाणी', कारण किटलीत पाणी उकळते व चहादाणीत चहा मुरतो. 'सॉसर'साठी मात्र 'बशी'हून नेमका शब्द नाही: त्या काळच्या इंग्रजी बश्या खोलगट असत आणि गरम चहा त्यांत ओतून पिण्याची रीत तिकडेही होती.